शिष्यत्वाची किंमत कोणी भरायची?

प्रश्न, थोडक्यात: मी पुण्यात आयटीमध्ये नोकरी करतो. घर मूळचं नगर जिल्ह्यातलं, ख्रिस्ती म्हणून आमची चौथी पिढी. मंडळीच्या (चर्चच्या) वार्षिक सभेत मी इमारत निधीचा हिशेब मागितला. बोलताना आवाज चढला. कमिटीतल्या वडीलधाऱ्यांनी सगळ्यांसमोर सुनावलं, "आधी नम्रता शिक." आता उपासनेनंतर मंडळीपुढे उभं राहून माफी माग, असा आग्रह आहे. दुसरं म्हणजे, एका शिबिरात 'किंमत मोजल्याशिवाय शिष्य होता येत नाही' हा संदेश ऐकल्यापासून नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत जावं असं मनात घोळतंय. पत्नी यावर काहीच बोलत नाही. आईचं डायलिसिस चालू आहे. माफी मागणं हीच नम्रता का? आणि नोकरी सोडणं हीच किंमत का?

उत्तर:

बंधू, जय ख्रिस्त.

तुमच्या दोन्ही प्रश्नांना मला एकच गोष्ट विचारावीशी वाटते. जे सोडा असं तुम्हाला सांगितलं जातंय, किंवा तुम्ही स्वतः सोडू म्हणताय, ते तुमचं आहे का? आणि सोडल्यावर त्याचा भार कोणावर पडणार? पाळक म्हणून माझं आयुष्य खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांत गेलं, नंतर काही काळ रुग्णालयात. प्रभूसाठी माणसं काय काय सोडतात ते जवळून पाहिलं. सोडणाऱ्याचं नाव होतं आणि भरणारा भलताच असतो, हेही पाहिलं. म्हणून नम्रतेवर बोलायची वेळ आली की मी आधी तिथे बघतो.

माफीचं आधी घेऊ, कारण ते रविवारवर आलंय.

योहानाच्या तेराव्या अध्यायात येशू जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. नम्रतेवरच्या संदेशात हा उतारा हमखास येतो, पण त्याच्या लगेच आधीचं वचन बऱ्याचदा वाचलं जात नाही. पित्याने सगळं आपल्या हाती दिलं आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जाणार आहोत, हे ओळखून तो उठला, असं योहान सांगतो. त्याला कोणी खाली बसवलं नव्हतं. आपण कोण आहोत हे पक्कं ठाऊक असताना तो आपणहून खाली बसला, आणि त्याला धरून देणार होता त्या यहूदाचे पायही त्याने वगळले नाहीत.

त्याच रात्री पुढे काय झालं ते वाचा. त्याला धरून नेलं, प्रमुख याजकापुढे उभं केलं, आणि उत्तर आवडलं नाही म्हणून तिथल्या एका कामदाराने चपराक मारली. तेव्हा येशू विचारतो: मी वाईट बोललो असेन तर ते दाखवून दे, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? काही तासांपूर्वी पाय धुणाऱ्याचाच हा प्रश्न आहे. तो उलट मारत नाही, शिवी देत नाही, पण मारणाऱ्याला खुलासा मागतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणं म्हणजे नम्रता, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे वचन पुन्हा वाचावं.

प्रेषित पौलाचं उदाहरण तर मला फारच बोलकं वाटतं. ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केलं, दासाचं स्वरूप धारण केलं, वधस्तंभावरच्या मरणापर्यंत आज्ञापालन केलं, हे नम्रतेवरचं नव्या करारातलं सगळ्यात खोल वचन पौलाने लिहिलं ते फिलिप्पैच्या मंडळीला. त्याच फिलिप्पै गावात पौल आणि सीला यांना चौकशीशिवाय भर चौकात फटके मारून तुरुंगात टाकलं होतं. सकाळी अधिकाऱ्यांचा निरोप आला, सोडून द्या त्यांना. गपचूप निघून जाणं सोपं होतं. पौल म्हणाला, आम्ही रोमी नागरिक असून आम्हाला उघडपणे मारलं, आणि आता गुपचूप घालवता? त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. अधिकाऱ्यांना यावं लागलं, विनवणी करावी लागली. पौलाने हा हट्ट का धरला असावा? माझी समजूत अशी की गावात मागे नुकताच विश्वास ठेवलेली माणसं राहणार होती: लुदिया, बंदिशाळेचा नायक आणि त्याचं घरदार. पौल गुन्हेगार म्हणून गेला असता तर ते सगळे गुन्हेगाराचे साथीदार ठरले असते. अंगावरचे फटके त्याचे होते, ते त्याने गाणी म्हणत सोसले. मागे राहणाऱ्यांची इज्जत मात्र त्याची एकट्याची नव्हती, म्हणून ती त्याने सोडली नाही. हेच पत्र पुढे त्या गावच्या माणसांनी वाचलं तेव्हा त्यातल्या नम्रतेचा अर्थ त्यांना वेगळा समजावून सांगावा लागला नसेल.

आता तुमची सभा. आवाज चढला, हे तुम्ही स्वतःच लिहिलंय. तो आवाज तुमचा होता, तेव्हा त्याची माफी मागा, आणि मनापासून मागा. तुमच्या वडिलांच्या वयाच्या माणसांशी त्या सुरात बोलायला नको होतं, एवढं सरळ म्हणा. 'पण' लावू नका. हिशेब मागितला याची माफी मागू नका. तो निधी तुमचा नाही, कमिटीचाही नाही. पेन्शनीतून, शिवणकामाच्या पैशातून, हंगामाच्या सणाला आणलेल्या धान्याच्या लिलावातून तो उभा राहिलेला असतो. त्यांच्या पैशाबद्दलचा प्रश्न तुमच्या नम्रतेपायी मागे घेतला, तर तुमचा चांगुलपणा दिसेल आणि नुकसान त्या बायाबापड्यांचं होईल. हिशेबाची मागणी खजिनदारांकडे लेखी द्या, भाषा सौम्य ठेवा, पोच घ्या. करिंथच्या मंडळीने दिलेली वर्गणी यरुशलेमेला पोहोचवताना पौलाने सोबत मंडळ्यांनी निवडलेला माणूस घेतला, म्हणजे कोणाला दोष काढायला जागा राहू नये. हिशेब दाखवणं हा अपमान आहे असं त्याला वाटलं नाही.

इथे आपल्या मंडळ्यांबद्दल थोडं बोलायला हवं, कारण 'नम्रता शिक' हे वाक्य आपल्याकडे कोऱ्या पाटीवर लिहिलं जात नाही. अमेरिकन मराठी मिशनने 1831 साली नगरला ठाणं उघडलं. पुढच्या काळात त्या भागात ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या त्यांतली बहुसंख्य घराणी महार आणि मांग समाजातली. पिढ्यान्‌पिढ्या त्यांना एकच धडा घोकायला लावला होता: मान खाली घाल, वाकून जोहार घाल, सावली पडू देऊ नको. शाळा आली, अक्षर आलं, प्रभुभोजनाच्या मेजाशी सगळ्यांबरोबर जागा मिळाली, आणि मान वर झाली. ज्यांच्या आज्यापणज्यांना जबरदस्तीने वाकवलं होतं, त्यांच्या नातवंडांना खुर्चीवर बसलेल्या माणसाने 'वाक' म्हणणं, मग ते वचन दाखवून म्हटलं तरी, जुनाच हुकूम आहे. असं वाकवणं शुभवर्तमानात कुठेही नाही. येशूच्या दाखल्यात जकातदार नीतिमान ठरून घरी जातो आणि स्वतःला धार्मिक समजणारा परूशी नाही, त्या दाखल्यात खाली उतरायची गरज कोणाला होती ते स्पष्ट आहे.

पण हेही सांगतो, आणि हे आपल्याला जास्त बोचणारं आहे. शिकून पुढे गेलेली आपली घरं मागे राहिलेल्या घरांकडे कशी बघतात? मिशन कंपाउंडातली मंडळी आणि वाडीवरची मंडळी, असा भेद मी वर्षानुवर्षं पाहिला. लग्न जमवताना एकाच वेदीपुढे गुडघे टेकणारी माणसं पोटजात विचारतात. तिथे आपल्याकडे सोडण्यासारखं खरोखर काही आहे आणि ते आपलंच आहे. तुमची चौथी पिढी म्हणजे तुम्ही त्या बाजूला आहात. वाडीवरचा पोरगा शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबलवर्गात, अडखळत वचन वाचतो तेव्हा तुम्ही त्याच्या शेजारी बसता की त्याच्याकडून वाचन काढून घेता, यात तुमची परीक्षा आहे. कमिटीच्या सभेत ती फारशी नाही.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य मी तरुणांना या कारणासाठी वाचायला सांगतो. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. विधवा, लहान मुलगी पदरात, राहणं-शिकणं सगळं तिथल्या मठातल्या भगिनींच्या आधारावर. पंथाच्या अधिकाऱ्यांची अपेक्षा होती की नव्या ख्रिस्ती बाईने सांगतील ते मान्य करावं. रमाबाईंना काही सिद्धांत पटत नव्हते, आणि त्यांनी पुरुषांना शिकवू नये असं काही बिशपांचं म्हणणं होतं, तेही त्यांना पटलं नाही. 1885 च्या पत्रव्यवहारात त्यांनी स्वच्छ कळवलं की मला स्वतःची सदसद्‌विवेकबुद्धी आहे, विचारशक्ती आहे. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटले आहे, तसंच दुसरं जोखड मानेवर घेणार नाही. ज्यांचं अन्न खात होत्या त्यांना त्यांनी हे लिहिलं. त्यांना तेव्हा गर्विष्ठ म्हटलं गेलं.

याच बाई 1897 च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा शेकड्यांनी घेऊन आल्या. उवांनी भरलेली डोकी, अंगावर फोड, अन्न पाहिलं की झडप घालणाऱ्या. केडगावला त्यांच्यासाठी झोपड्या उभ्या केल्या, विहिरी खणल्या, त्यांना अक्षर शिकवलं, विणायला, छापायला शिकवलं. ज्यांच्या संस्कृतावर कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' ही पदवी दिली, त्या रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं भाषांतर करायला घेतलं, ते खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला कळावं अशा मराठीत. त्याचे टाइपाचे खिळे केडगावच्या मुलींनी जुळवले, छपाई त्यांनीच केली. 1921 मध्ये मुलगी मनोरमा गेली, आणि 5 एप्रिल 1922 ला रमाबाई स्वतः. वरून आलेल्या हुकुमापुढे त्या वाकल्या नाहीत आणि खाली पडलेल्या मुलीसाठी आयुष्यभर वाकल्या. आपल्या मंडळ्यांत पुष्कळदा नेमकं याच्या उलट चालतं, आणि त्यालाच आपण सौजन्य म्हणतो.

नम्रता जवळून कशी दिसते, तर मला विदर्भातल्या एका कुष्ठरोग रुग्णालयातली बायबलबाई, म्हणजे रुग्णांना वचन वाचून दाखवणारी बाई, आठवते. निवृत्त झाली होती तरी रोज येई. कुष्ठरोगात पायाची संवेदना जाते, घाम सुटत नाही, कातडी सुकून भेगा पडतात, काटा रुतला तरी कळत नाही. ती प्लॅस्टिकच्या टबात पाणी घेई आणि आधी स्वतःचं कोपर बुडवून बघे, कारण पाणी कढत असलं तरी त्या म्हाताऱ्याच्या पायाला ते समजणार नव्हतं. पाय भिजू द्यायचा. मग टाचेवरची, अंगठ्याखालची जाड झालेली मेलेली कातडी खरबरीत दगडाने हलक्या हाताने घासून काढायची, बोटांच्या बेचक्या टिपायच्या, आणि कातडी ओली आहे तोवर तेल चोळायचं. शेवटी त्याची रबरी तळाची चप्पल घेऊन आत हात घालून चाचपायची, खडा-खिळा आहे का बघायला. म्हातारा रोज तिच्यावर खेकसायचा. ती त्याला तितक्याच मोठ्यांदा उत्तर द्यायची. पाहुणे आले, कोणी साहेब आले, तरी ती मान वर करत नसे. हातात पाय असे. आणि तेल वेळेवर आलं नाही की भांडारात जाऊन अशी भांडायची की कारकून लपून बसायचे. त्या बाईला कोणी मृदू स्वभावाची म्हटलं नसतं. स्वतःसाठी तिने कधी काही मागितलेलं मला आठवत नाही, आणि त्या वॉर्डातल्या माणसाच्या हक्काचं एक चमचा तेलही तिने सोडलं नाही.

पुण्यगुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, आम्ही पाळक बारा जणांचे पाय धुतो. त्या विधीला मी कमी लेखत नाही, त्यात मंडळी रडलेली पाहिली आहे. पण ते पाय घरून स्वच्छ धुऊन आणलेले असतात. ज्या पायांना वास येतो ते आपल्या घरात असतात, शेजारच्या खोलीत असतात. तुमच्या आईच्या डायलिसिसच्या दिवशी तिला नेतं कोण, थांबतं कोण, घरी आणल्यावर ती थकून चिडते तेव्हा ऐकून घेतं कोण? ते तुम्ही करत असाल तर सेवा सुरू झालेली आहे. ते पत्नी करत असेल तर पुढचं नीट वाचा.

रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्याला वंदनीय आहेत. त्यांची पदं गातच मी मोठा झालो. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. जात गेली, नातलग तुटले, नाव बदनाम झालं. त्यांनी मोजलेल्या किमतीवर आम्ही पाळकांनी असंख्य संदेश दिले. पत्नी लक्ष्मीबाईंना मात्र त्यांनी आधी विचारलं नव्हतं. नवरा जिवंत, आणि घर एका दिवसात नाहीसं झालं. पदरात मूल घेऊन त्यांना माहेरच्यांच्या आधाराने राहावं लागलं, लोकांची दया आणि टोमणे दोन्ही सोसावे लागले. त्यांच्या आत्मकथनातली ती पानं मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा मला वाटतं की बाप्तिस्मा टिळकांचा झाला, पण त्या वर्षांचा मोठा हप्ता लक्ष्मीबाईंनी भरला, तोही श्रद्धेचं बळ पाठीशी नसताना.

टिळकांनी तो बाप्तिस्मा घ्यायला नको होता, असं मी म्हणत नाही. विवेकाने दाखवलेल्या वाटेवर माणसाला कधी एकट्याने पाऊल टाकावं लागतं. आपल्या आईबापांचा, बायकोमुलांचा 'द्वेष' केल्याशिवाय माझा शिष्य होता येत नाही, हे लूकमधलं येशूचं वाक्य कठीण आहे आणि मी ते पातळ करणार नाही. त्याचा रोख निष्ठेच्या क्रमावर आहे, हे खरं. पण पहिल्या क्रमांकावर ख्रिस्त आला की बाकीच्यांना ढकलल्यासारखं लागतं, हेही खरं. टिळकांची थोरवी मला त्यानंतरच्या काळात जास्त दिसते. लक्ष्मीबाई परत आल्या तेव्हा त्यांनी आपला धर्म त्यांच्यावर लादला नाही. त्या सोवळं पाळत राहिल्या, प्रश्न विचारत राहिल्या, भांडत राहिल्या. भेद माणसाने केले आहेत, देवाने नाही, असं त्यांचं त्यांना पटलं, आणि 1900 साली त्यांनी स्वतःच्या पायांनी येऊन बाप्तिस्मा घेतला. एका नामांकित कवीने, उपदेशकाने, स्वतःच्या घरात 'अजून पटलं नाही' हे उत्तर ऐकून घेत राहणं ही फार अवघड गोष्ट आहे. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' हा अनुयायांचा मेळावा काढला, त्याचं कौतुक होतं आणि व्हावं. पण या घरातल्या थांबण्याबद्दल आम्ही वेदीवरून फारसं बोलत नाही.

म्हणून तुमच्या पत्राचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य माझ्या मते हे आहे: 'पत्नी यावर काहीच बोलत नाही.' या गप्प राहण्याला संमती समजू नका.

किंमत मोजण्याबद्दल येशूने दिलेला दाखला शिबिरात जसा ऐकला तसा तो नाही. बुरूज बांधू इच्छिणारा माणूस आधी बसतो आणि खर्चाचा हिशेब करतो, पुरं करायला आपल्याजवळ आहे की नाही ते बघतो. येशूच्या मागे तेव्हा मोठा जमाव चालला होता आणि त्या उत्साही जमावाला तो 'आधी बसा' म्हणाला. मार्काच्या सातव्या अध्यायात आणखी एक प्रसंग आहे. आईबापांच्या उपयोगी पडणारा पैसा 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेला, असं जाहीर करायचं आणि त्यांची जबाबदारी टाळायची, अशी एक पळवाट लोकांनी काढली होती. देवाच्या नावाने आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांवर येशू ज्या शब्दांत संतापतो ते वाचून मला आजही भीती वाटते. लूकचा चौदावा आणि मार्काचा सातवा, दोन्ही अध्याय एकाच प्रभूचे आहेत. शिबिरात एकच वाचला गेला असेल तर दुसरा तुम्ही घरी वाचा, पत्नीसोबत वाचा.

मग बसा आणि हिशेब करा, वही घेऊन. कंपनीचा आरोग्य विमा आईला लागू आहे का? नोकरी सुटली की तो कधी संपतो? फुले जन आरोग्य योजनेतून डायलिसिस होईल का, तुमच्या शिधापत्रिकेवर चालेल का, कोणत्या रुग्णालयात? घराचा हप्ता किती वर्षं राहिलाय? सेमिनरीची वर्षं, मग उमेदवारी, मग बिशप नेमतील ते गाव. तिथून डायलिसिस केंद्र किती लांब? मुलांची शाळा? पाळकाचा पगार किती असतो आणि किती महिने थकतो, हे कोणत्याही पाळकाच्या बायकोला विचारा, ती खरं सांगेल. हे सगळं अविश्वासाचं लक्षण आहे असं कोणी म्हटलं तर त्याला बुरुजाचा दाखला दाखवा.

पौल तंबू शिवून पोट भरत होता, हेही विसरू नका. सुवार्ता सांगणाऱ्याला मंडळीने पोसावं हा हक्क त्याने करिंथकरांना ठासून सांगितला, इतरांसाठी तो सोडला नाही, आणि स्वतःपुरता मात्र वापरला नाही. तुमची नोकरी हा कदाचित तुमचा तंबू असेल.

नोकरी ठेवून शिष्यत्व स्वस्तात मिळतं असं मात्र समजू नका. हिशेबाचं पत्र दिल्यावर काही लोक तुमच्याशी बोलणं सोडतील. वर्षानुवर्षं सांभाळलेली शब्बाथ शाळा काढून घेतील. मंडळीच्या जागा-जमिनीच्या एखाद्या कागदावर कधी सही मागतील आणि तुम्ही ती दिली नाही तर तुमच्या नावाने काय काय उठेल ते मी पाहिलंय. ऑफिसात खोटी बिलं पुढे सरकवायला नकार दिला तर बढती जाईल. या किमती दिसायला लहान, पण त्यांची साक्ष सभेत देता येत नाही, टाळ्या पडत नाहीत, म्हणून त्या जड जातात. पुरात झाडं जातात आणि लव्हाळी वाचतात, हे आपण लहानपणापासून ऐकतो. तो शहाणपणा आहे, वाचण्यासाठी वाकण्याचा. येशू वाकला आणि वाचला नाही. लोकांपुढे झुकून स्वतःला वाचवणं आणि लोकांसाठी झुकून स्वतःला देऊन टाकणं, या दोन्हींत मान सारखीच खाली दिसते. आपण यातलं काय करतोय ते ज्याचं त्याला आतून कळतं.

काही किमती तर माणसाने निवडलेल्याही नसतात. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा जवळजवळ फक्त हिंदूंना ठेवला; 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. बापाचा बाप्तिस्मा झाला आणि पोराच्या जातीच्या दाखल्याचा प्रश्न उभा राहिला, अशी घरं आपल्या प्रत्येक मंडळीत आहेत. त्यातली काही दोन नावं वापरतात, काही येतात पण रजिस्टरवर चढत नाहीत. ठरावीक पगार घेणाऱ्या आम्ही पाळकांनी त्यांना 'किंमत मोजा' असा उपदेश करणं मला कधी जमलं नाही. त्यांच्या पोराच्या फीचं काही बघता येतं का, तेवढं मी बघत आलो. तुम्हीही शिबिरातला तो संदेश आपल्या मंडळीत सांगायला उभे राहाल तेव्हा समोर कोण बसलंय ते आधी बघा.

आणखी एक सांगतो, तुम्ही विचारलं नसलं तरी. मार्काच्या दहाव्या अध्यायात पेत्र म्हणतो, पाहा, आम्ही सगळं सोडून तुझ्यामागे आलो. खोटं नव्हतं ते. पण सातच वचनांनंतर त्याच गटातले याकोब आणि योहान तुझ्या गौरवात उजवीकडे आणि डावीकडे बसू दे म्हणून मागणी करतात, आणि बाकीचे दहा जण रागावतात. जाळी सोडली, होड्या सोडल्या, बाप सोडला, आणि खुर्ची मनात तशीच राहिली. मोठा त्याग केलेल्या माणसाला हा धोका जास्त असतो, कारण त्याच्याकडे दाखवायला काहीतरी असतं. त्यावर मला ठाऊक असलेला उपाय साधा आहे. ज्याचा उल्लेख कोणी करणार नाही असं एखादं काम हातात असू द्यावं, आणि आपल्याला मदत करायला आलेल्या माणसाला ती करू द्यावी. पेत्राला पाय धुऊन घेणंच जड गेलं होतं. तुम्ही तर घरातले कर्ते. आईचं, मंडळीचं, सगळं आपणच पेलायचं अशी सवय लागलेली असणार. मंडळीतला एखादा तरुण आठवड्यातून एकदा आईला डायलिसिसला नेतो म्हणाला तर त्याला नेऊ द्या. त्याला चहा पाजा, आणि दुसऱ्या दिवशी परतफेड करायला धावू नका.

तर या रविवारी उठा, आवाज चढल्याची माफी मागा आणि खाली बसा. सोमवारी खजिनदारांना पत्र द्या. त्यावर आणखी दोन-तीन सभासदांच्या सह्या असल्या तर बरं, म्हणजे ते एकट्याचं भांडण राहणार नाही. राजीनाम्याचं सध्या कोणापुढे बोलू नका, मंडळीत तर नाहीच. एकदा जाहीर झालं की मागे येणं तुम्हाला अवघड होईल आणि पत्नीला 'नाही' म्हणणं त्याहून अवघड. तिच्याशी बोलायला रविवारची घाई टाळा. आईला झोप लागल्यावर निवांत बसा आणि 'तुझं काय म्हणणं आहे' एवढंच विचारा. ती बोलायला लागली की मध्ये वचन सांगू नका. हिशेबाची वही तयार झाली की दोघं मिळून माझ्याकडे या. तुमच्या पत्नीचं मत तुमच्याहून वेगळं असेल तर ते मला त्यांच्याच तोंडून ऐकायचं आहे, आणि त्या दिवशी मी त्यांना आधी बोलायला सांगेन.